न बांधलेलं हँडल

हँडल नवऱ्याच्या हातात आलं. आमच्या बेडरूमच्या दारामागे माझा हार्नेस टांगलेला असतो, त्यामुळे दार पुरतं उघडत नाही, ही त्याची रोजची कुरकुर. त्या संध्याकाळी बल्ब बदलायला शिडी आत घेताना त्याने हार्नेस बाजूला सारायला हाताला जे लागलं ते धरून ओढलं. मी स्वयंपाकघरात होते. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात ते लाल हँडल होतं आणि चेहऱ्यावर, कपाटाची मूठ निखळून हातात आली की पुरुषांच्या चेहऱ्यावर येतो तो, आधीच माफी मागून ठेवल्याचा भाव. "हे तुटलं बहुतेक," तो म्हणाला. "मी काही जोर नाही लावला हं." मी गॅस बंद केला. हँडल तुटलेलं नव्हतं. त्याची पट्टी शाबूत होती, टोकाचा फास शाबूत होता, दोन्ही पिना सरळ होत्या, वेल्क्रो तर नवंकोरं. फक्त त्या फासात काहीच अडकवलेलं नव्हतं. मी आत जाऊन पाहिलं. हार्नेसच्या बाजूच्या कप्प्याच्या चारी पाकळ्या उघडल्या होत्या आणि आत माझं रिझर्व्ह पॅराशूट आपल्या पिशवीत निवांत बसलं होतं, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी पॅराग्लायडिंग करते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि रविवारी टेकडीवरून उडी मारते, असं नवरा लोकांना सांगतो. उडी नसते ती, पळत जाऊन जमीन सोडायची असते, पण हे त्याला इतकी वर्षं सांगूनही त्याच्या गोष्टीत मी उडीच मारते. हार्नेसला, म्हणजे उडताना ज्यात बसते त्या पट्ट्यांच्या झोळीला, तो सवत म्हणतो. "माझ्या घरात मला सवत आहे, दाराला लटकलेली असते, बिचारी बोलत नाही." मी हसते. तर डोक्यावरचं मोठं कापड हवेत मिटलं आणि काही केल्या उघडेना, तर शेवटचा आधार म्हणजे हे रिझर्व्ह. शिकवताना चार शब्द घोटून घेतात: बघ, पकड, ओढ, फेक. हँडल डोळ्यांनी बघायचं, घट्ट पकडायचं, ओढायचं. पिना सुटतात, कप्पा उघडतो आणि हँडलच्या पट्टीला बांधलेली पिशवी हाताबरोबर बाहेर येते. मग ती मोकळ्या हवेत जीव खाऊन भिरकवायची. पट्टी पिशवीला बांधलेली असेल तर हे सगळं. बांधलेली नसेल तर माणूस एक लाल हँडल हातात धरून खाली येतो. मी पलंगावर बसले होते आणि ते हँडल माझ्या मांडीवर होतं. नवऱ्याने विचारलं, "महाग असतं का गं?" मी म्हटलं, "तू बल्ब लाव."

कुठे चुकलं असणार हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि कळल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. आमचा दर हिवाळ्यात पॅकिंगचा एक दिवस असायचा. एका शाळेचा हॉल सुट्टीत मिळायचा, छताच्या कडीला दोर लावून एकेकाला हार्नेससकट टांगायचं, बाकीच्यांनी खालून गदागदा हलवायचं, आणि लटकणाऱ्याने त्या गोंधळात हँडल शोधून ओढून फेकायचं. एखाद्याचं निघायचंच नाही, कप्पा घट्ट झालेला असायचा, मग ते तिथेच, जमिनीपासून हातभर उंचीवर कळायचं आणि सगळे हसायचे. मग कापडं वाऱ्यावर पसरायची, दोऱ्या एकेक बोटांतून नेऊन बघायच्या, दोऱ्या अडकवायची चिकट झालेली रबरं टाकून नवी घ्यायची, पाकळी पाकळीवर पाडत घडी घालायची. घड्या सरकू नयेत म्हणून कापडाच्या फासांतून एक नाडी ओवतात. ती शेवटी काढायची असते, राहिली तर पॅराशूट उघडत नाही. म्हणून आमच्यात नाडी काढणाऱ्याने हॉलच्या मध्यभागी जाऊन ती डोक्यावर धरायची आणि ओरडायचं, "नाडी काढली!" मोठमोठे लोक, एक हाडांचे डॉक्टर, एक बँकेतला साहेब, सगळे नाडी उंच धरून ओरडायचे. नवऱ्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसून हसून लोळला होता. आमच्या शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, गळ्यात शिट्टी असते म्हणून मास्तर. गेल्या हिवाळ्यात मास्तर म्हणाले, "कशाला सगळ्यांचा रविवार घालवायचा? हार्नेस माझ्याकडे टाकून जा, मी घरी निवांत करतो. हँडलची वेल्क्रो गेलीत सगळ्यांची, तीही बदलून देतो." आम्ही खूश. हॉल नको, टांगणं नको, ओरडणं नको. हार्नेस परत आले तेव्हा पूर्वीपेक्षा देखणे दिसत होते. वेल्क्रो शिवायचं म्हणजे सगळी हँडलं पिशव्यांपासून सोडवलेली असणार, ढीग केलेला असणार, आणि शिवून झाल्यावर जागच्या जागी चिकटवून, पिना ओवून दिलेली असणार. बाहेरून काहीच कळत नाही. माझं बांधायचं राहिलं. माझं एकटीचं, की अजून कुणाचं, हे त्या ढिगालाच माहीत.

आणि मग मला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा दुपारचा प्रसंग आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा तो माझ्या अंगात परत घडला, पलंगावर बसल्या बसल्या. हवा खडबडीत होती, गाडी कच्च्या रस्त्याला लागल्यासारखी खालून ठोसे देत होती, आणि एकाएकी उजवीकडचं अर्धं कापड मिटून चिंधीसारखं लोंबायला लागलं. मी गिरकीत गेले. जमीन, आकाश, जमीन. माझा उजवा हात आपण होऊन त्या लाल हँडलवर गेला. मी ते पकडलं. पकडल्याबरोबर माझ्या आत काहीतरी स्थिर झालं. मला स्वच्छ आठवतं, मी मनात म्हटलं, अजून एक गिरकी बघते, नाही उघडलं तर हे आहेच. आणि त्या 'हे आहेच'च्या जोरावर मी डाव्या हाताने शांतपणे ब्रेकची दोरी खेचली, वाट पाहिली, कापड फडफडून उघडलं. खाली उतरल्यावर माझी मान ताठ होती. मास्तरांनी पाठ थोपटली, "डोकं थंड ठेवलंत ताई, याला म्हणतात पायलट." त्या कौतुकावर मी सगळा उन्हाळा काढला. दुकानात एखादं गिऱ्हाईक अंगावर आलं तरी मी मनात म्हणायचे, आपण तिथे डोकं थंड ठेवलं, इथे काय. नवऱ्याने ही गोष्ट त्याच्या सगळ्या मित्रांना सांगितली. आता कळलं, त्या दिवशी माझ्या हातात काहीही नव्हतं. दुसऱ्याने पाठ थोपटण्याइतका जो धीर माझ्या पोटातून निघाला, त्याला मास्तरांनी उल्लू बनवलं होतं. मेले असते याचा राग नंतर आला. आधी राग आला तो याचा की माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका शूर क्षणात मला कुणीतरी फसवलं, आणि वर पाठही त्यानेच थोपटली.

मी फोन केला. मास्तर जेवत असावेत, तोंडात घास होता. मी सांगितलं. घास गिळल्याचा आवाज आला. "अरेच्चा," ते म्हणाले. "राहिलं वाटतं. पण काही झालं नाही ना?" मी हँडल दुसऱ्या हातात घेतलं. "नाही म्हणजे, काही झालं का? नाही झालं. मग? घेऊन या रविवारी, लावून देतो. दोन मिनिटांचं काम." मी विचारलं, "बाकीच्यांचं काय?" "बाकीच्यांचं नीट आहे." "कशावरून?" "मीच केलंय म्हणून." "माझंही तुम्हीच केलंत, मास्तर." यावर ते हसले. हसले! "ताई, हे बघा, ग्रुपवर वगैरे टाकू नका. एकदा ओढलं की सगळ्यांचं परत पॅक करत बसावं लागेल, रविवारचा अख्खा दिवस जाईल, आणि वारा या आठवड्यात काय सुंदर आहे!" मी म्हटलं, "ओढून बघितल्याशिवाय कळणार कसं?" ते म्हणाले, "विश्वास नावाची एक गोष्ट असते." तो शब्द त्या तोंडून ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ते हँडल हातात घेऊन घरभर फिरत राहिले. नवरा शिडीवरून म्हणाला, "अगं पण खरंच, काही झालं नाही हे नशीबच." त्यालाही तेच वाक्य सुचावं! हे वाक्य मला लहानपणापासून छळतंय. माझ्या मामाची एक स्कूटर होती, तिला ब्रेक नव्हता, म्हणजे होता पण लागायचा नाही, आणि मामा आम्हा भाचरांना पुढेमागे कोंबून उतारावरून न्यायचा. एकदा स्कूटर कुंपणात घुसली. सगळ्यांना खरचटलं. मामा उठून कपडे झटकत म्हणाला, "काही झालं का? नाही ना!" आणि सगळे हसायला लागले, आई, मावशी, खरचटलेली भावंडं. मी एकटी रडत होते, पडले म्हणून नाही, ब्रेक लागत नव्हता हे त्याला माहीत होतं म्हणून. पण ते नीट सांगायची माझी अक्कल नव्हती. पुढे कैक वर्षं ती गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली गेली, आणि तिच्या शेवटी माझं नाव यायचं, रडूबाई. मामाने स्कूटर दुरुस्त केली नाही, विकली. कुणाला विकली याचा विचार मी अजूनही करते.

नणंद माझ्याहून बरीच लहान. शाळेत गणित शिकवते, एकटी राहते, आणि तिला या नादाला मीच लावलं. मी तिला एरवी चिमणे म्हणते. राग आला की वन्सं म्हणते. मी फोनवर म्हटलं, "वन्सं, हार्नेस खाली घ्या आणि हँडल ओढा." ती म्हणाली, "आई गं, काय केलं मी?" मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि मग तिच्या आवाजात तो समजूतदारपणा आला, जो मला तिच्या भावाचाही सोसत नाही. "वहिनी, भयंकर आहे हे. पण एकाचं राहिलं म्हणून सगळ्यांचं राहिलं असं नसतं गं. आणि आता ओढलं तर रविवारी मी उडू कशी?" "नको उडूस." "महिनाभर वाट बघितलीय मी या वाऱ्याची." "मी पॅक करून देईन." "तू मास्तरांवर चिडलीयेस," ती म्हणाली, "आणि चिडायलाच पाहिजेस. पण मला का त्यात ओढतेस?" मी म्हटलं, "तुला नाही, हँडल ओढ म्हणतेय." ती हसली. मी नाही हसले. तिच्या हार्नेसच्या कप्प्यात काय आहे हे फक्त एका झटक्याने कळणार होतं आणि तो झटका द्यायला ती तयार नव्हती, कारण वारा सुंदर होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी माणसांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवत होते, काचा बदलत होते, "हे बरं दिसतंय की मघाचं?" विचारत होते आणि मधून मधून फोन बघत होते. मी सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं, फोटोसकट: माझं हँडल पिशवीला बांधलेलं नव्हतं, सगळ्यांनी आपापलं जमिनीवर ओढून बघा. उत्तरं येत होती. एक अंगठा. जोडलेले हात. 'काळजी घ्या ताई.' मला काय ताप आलाय? हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'कदाचित घरी हाताळताना निघालं असेल.' फास आपोआप निघत नाही हो डॉक्टर, तो स्वतःतून ओवून घ्यावा लागतो, तुम्ही स्वतः हॉलमध्ये बसून ओवलाय! मग बँकेतल्या साहेबांनी विचारलं, 'हार्नेस लहान मुलांच्या हाती लागतो का?' माझ्या घरात लहान मूल नाही, हे त्यांना माहीत आहे. दुपारपर्यंत घोटाळा माझ्या घरातला झाला होता. आणि मग मास्तरांचा निरोप आला, पांढरा शुभ्र, सभ्य: 'उपकरणांची तपासणी ही प्रत्येक पायलटची स्वतःची जबाबदारी आहे. रविवारी वारा उत्तम. वेळेवर यावे.' मी खुर्चीतल्या आजोबांना विचारलं, "शेवटची ओळ वाचता येतेय?" ते म्हणाले, "दिसतंय की!" "वाचून दाखवा." "दिसतंय म्हटलं ना." मी म्हटलं, "आजोबा, दिसतंय असं म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं, तुम्ही रस्ता ओलांडता का घरी जाताना?" माझा आवाज इतका चढला की मालक पडद्याआडून डोकावले. आजोबा घाबरून वाचायला लागले आणि पहिलंच अक्षर चुकले. मला त्यांची दया आली, पण राग तसूभर कमी झाला नाही.

रविवारी मी नणंदेच्या गाडीत बसून टेकडीवर गेले, उडायला नव्हे. माथा रुंद आहे, गवताळ, समोरून वारा आला की तिथूनच उडता येतं आणि तिथेच परत उतरता येतं. मी गेले तेव्हा रंगीत कापडं गवतावर पसरली होती, लोक हेल्मेट चढवत होते, आपापले वॉकीटॉकी लावून बघत होते, आणि वारा खरोखरच सुंदर होता, गालावर सारखा लागणारा, न हिसकणारा. माझ्याकडे बघून सगळे जरा जास्तच गोड हसले. मी मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "उडायच्या आधी प्रत्येकाने एकदा ओढा. पॅक करायला मी बसते, दिवसभर बसते." कुणी बुटाच्या नाड्या बांधायला लागलं, कुणी आभाळाकडे बघायला. मास्तर पुढे आले. "ताई, तुमची भीती मला समजते," ते म्हणाले. मी म्हटलं, "भीती नाही हो ही, संताप आहे, तुम्हाला फरक कळत नाही का?" त्यांचे कान लाल झाले. ते सगळ्यांकडे वळले, "ठीक आहे. होऊन जाऊ दे. मी पण त्याच दिवशी, त्याच हातांनी पॅक केलंय," आणि त्यांनी अंगावरच्या हार्नेसचं हँडल धरलं, ओढलं आणि हात फिरवून भिरकावलं. पिशवी सणकन निघाली, दोऱ्या सळसळत सुटल्या, आणि वाऱ्यात ते पांढरं कापड असं भरून उघडलं की क्षणभर मीदेखील सगळं विसरून बघत राहिले. सुरेख पॅक केलेलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, डॉक्टर म्हणाले, "बास! विषय संपला," आणि एकेक जण पळत जाऊन जमीन सोडायला लागला. मास्तरांचं उघडलं म्हणून सगळ्यांचं बांधलेलं! हातात धरायला काही असतं तर मी ते फेकून मारलं असतं.

माथ्यावर आम्ही तिघं उरलो. मास्तर आपलं पांढरं कापड कवेत गोळा करत होते, खांद्याला वॉकीटॉकी अडकवलेला. नणंद हेल्मेट घालून, सगळे पट्टे आवळून तयार होती आणि तिचा नंबर होता, पण ती निघत नव्हती. वर बघत होती. "टाळ्या कशाला वाजवल्या गं यांनी?" ती म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे. मग मास्तरांकडे वळली. "त्यांचं उघडलं म्हणून माझं उघडेल, हे कुठलं गणित?" मास्तर म्हणाले, "तुम्ही पण सुरू झालात?" तिने मान खाली घालून हँडल बघितलं, पकडलं, ओढलं आणि शिकवल्याप्रमाणे हात जोरात बाजूला फेकला. हात पार खांद्यामागे गेला, इतका हलका होता. ती तोल जाऊन गुडघ्यावर आली. मुठीत लाल हँडल होतं आणि पट्टीचा रिकामा फास वाऱ्यावर हलत होता. तिने तो फास बोटावर घालून बघितला, वहीतलं चुकलेलं उत्तर परत तपासावं तसं. मग मला म्हणाली, "वहिनी." मी तिला उठवलं, तिच्या छातीचा पट्टा सोडवायला लागले. मास्तर जागच्या जागी बसले होते, मांडीवर ते कापड. "मला आठवत नाहीये," ते म्हणाले. "कुणाची बांधली आणि कुणाची... खरंच आठवत नाहीये, ताई."

वर सगळे होते. हिरवं, केशरी, दोन निळी. डॉक्टर सगळ्यात उंच. मी मास्तरांच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी काढून घेतला. त्यांनी धरून ठेवला नाही. बटणावर अंगठा ठेवला आणि तेव्हा मला कळलं की मी जे तीन दिवस घसा फोडून सांगत होते ते आता सांगता येत नाही. वर लटकलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो पहिल्यांदा खाली हँडलकडे बघणार, मग जमिनीकडे, मग हात आखडणार, आणि जे कापड नीट उडतंय तेच तो बिघडवणार. जमिनीवर ऐकलं असतं तर ती नुसती माहिती होती. मी अंगठा दाबला. "सगळ्यांनी माथ्यावर उतरा," मी म्हटलं, आणि माझा आवाज दुकानात असतो तितका सपाट आला, "वारा फिरतोय. घाई नको, एकेक जण या." वारा माझ्या गालावर मघासारखाच लागत होता, तिळमात्र फिरला नव्हता. मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत आभार होते. त्यांना वाटलं, मी त्यांच्यात आले. या तीन दिवसांत मला इतका संताप आला नव्हता.

पहिले डॉक्टरच उतरले. कापड मागे पाडून, हेल्मेट काढत, वैतागत आले. "वारा तर झकास आहे! कोण म्हणालं फिरतोय?"

"मी," मी म्हटलं. "खोटं बोलले. आता ओढा."